मेंदूची गाठ आणि ऑनलाइन ट्यूमर बोर्ड : गोव्यातल्या घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दादाच्या मेंदूत गाठ निघाली तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. फोंड्याच्या बाजूला आमचं कुळागर आहे. सुपारीचे घोस मोजता मोजता त्याला आकडे आठवेनासे झाले, मग बोलताना शब्द अडू लागले, आणि एका सकाळी पाटाच्या कडेला त्याला आकडी आली. पुढच्या दीड वर्षात ‘तुमची केस बोर्डासमोर ठेवतो’ हे वाक्य आम्ही पुष्कळ वेळा ऐकलं. तेव्हा त्याचा अर्थ सांगणारं जवळ कुणी नव्हतं. आता मी ओळखीतल्या, ओळखीतून आलेल्या घरांना फाइल लावायला मदत करते, आणि पेडण्याहून फोन येवो की काणकोणहून, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, डोस किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. फाइल कशी जाते, तिचं पुढे काय होतं आणि तुमच्या हातात काय असतं, एवढं मी सांगू शकते.

ट्यूमर बोर्ड म्हणजे सरकारी मंजुरी का?

नाही. एकाच पेशंटच्या गाठीबद्दल वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून जी चर्चा करतात, तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. काही ठिकाणी एमडीटी म्हणतात, म्हणजे बहुविद्याशाखीय पथकाची बैठक. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला होते. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर कॅन्सरच्या उपचारात ही पद्धत पक्की झाली. ‘ज्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो त्याच्या विषयाचा उपचार पहिल्यांदा’ असं होऊ नये, हा तिच्यामागचा साधा विचार.

ऑनलाइन कशाला? सगळे एका खोलीत बसत नाहीत का?

पूर्वी बसत, अजूनही अनेक ठिकाणी बसतात. पण मेंदूच्या गाठी इतर कॅन्सरच्या मानाने कमी दिसतात, आणि त्यातच हयात घालवलेले पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट मोजक्या शहरांत आहेत. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. देशभरातली कॅन्सर केंद्रं तिने एकमेकांना जोडली आणि पुढे त्या जाळ्यात ऑनलाइन ट्यूमर बोर्डही सुरू झाले. एखाद्या लहान केंद्रातला डॉक्टर आपली अवघड केस तिथे मांडू शकतो. २०२० मध्ये कोविड आला आणि जिथे खोलीत बसण्याचा नेम होता तिथेही बैठका स्क्रीनवर गेल्या. साथ ओसरल्यावरही बऱ्याच तशाच राहिल्या, कारण एरवी न येऊ शकणारी माणसं त्यात येऊ लागली.

गोव्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडे अवघड दुखणं म्हटलं की रात्रीची कोकणकन्या, पहाटे दादरला उतरायचं, हातात फिल्मची मोठी पिशवी आणि परळमध्ये राहायची सोय कुठे होते त्याची शोधाशोध. नाहीतर चोर्ला घाट चढून बेळगाव, नाहीतर खाली मणिपाल. ज्याला नुकती आकडी येऊन गेली आहे त्याला घेऊन हा प्रवास करणं काय असतं, ते केलेल्यालाच कळतं. ऑनलाइन बोर्डात फाइल मुंबईला पोचते आणि माणूस आपल्या घरात राहतो. काही उपचारांसाठी पुढे जावं लागतंच. पण निदान ‘जायचं की नाही’ हे विचारायला जावं लागत नाही.

बैठकीत कोण कोण असतं?

न्यूरोसर्जन, किरणोपचाराचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर, मेंदूचे एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट, गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे पॅथॉलॉजिस्ट आणि न्यूरोलॉजिस्ट. चांगल्या बोर्डात याखेरीज वाचा-उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर, सिस्टर आणि यादी लावणारा समन्वयकही असतो. या समन्वयकाचं नाव आणि फोन पहिल्याच दिवशी लिहून घ्या. सर्जनना फोन लागणार नाही, यांना लागतो.

दादाच्या बैठकीत सगळ्यात उपयोगी प्रश्न वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी विचारला, असं आमच्या सर्जननी नंतर सांगितलं. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाजवळ होती. पेशंटला जागं ठेवून, त्याला बोलतं ठेवून ऑपरेशन करायचा विचार चालला होता. बाईंनी विचारलं, “हे घरी कुठल्या भाषेत बोलतात? हिशेब कुठल्या भाषेत करतात?” उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं. केसपेपरवर ‘भाषा : हिंदी’ असं लिहिलेलं होतं, कारण भरती करताना ज्यांनी लिहून घेतलं ते दादाशी हिंदीत बोलले होते. सर्जननी मला फोन केला. मी सांगितलं, घरी कोकणी, वाचन आणि हिशेब मराठीत, हिंदी फक्त परक्या माणसाशी. ऑपरेशनच्या वेळी त्याला चित्रं दाखवून नावं विचारली ती कोकणीत, आणि अंक मोजायला लावले ते मराठीत. मेंदूला हात लावताना तपासायची ती त्याची रोजची भाषा. केसपेपरवर कुठली लिहिली आहे, याला तिथे महत्त्व नाही. गोव्यात हा घोळ घराघरात आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आम्हाला त्या बैठकीत बसता येतं का?

सहसा नाही. तिथे एकापाठोपाठ एक अनेक पेशंट घेतले जातात, त्यामुळे इतरांची खासगी माहितीही समोर असते. चर्चा झाल्यावर तुमचे डॉक्टर तुम्हाला बोलावून सांगतात.

मग आमचं माणूस न बघताच निर्णय कसा घेतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, आणि तो विचारणाऱ्याचा राग मला पटतो. बोर्डासमोर तुमचं माणूस नसतं, त्याचे कागद असतात. तुमच्या डॉक्टरांनी त्याला पाहिलेलं असतं, ते त्याच्या वतीने बोलतात. पण एका केसला काही मिनिटंच मिळतात, आणि त्या मिनिटांत जे पडद्यावर आलं आणि जे सांगितलं गेलं त्यावरच मत बनतं. तुमचे बाबा रोज देवळापर्यंत चालत जातात की अंथरुणाला खिळलेत, हे एमआरआयमध्ये दिसत नाही. दोन्ही माणसांची गाठ पडद्यावर अगदी सारखी दिसू शकते आणि दोघांना द्यायचा उपचार मात्र पूर्ण वेगळा असू शकतो.

डॉक्टर यासाठी एक मोजपट्टी वापरतात, कार्नोफ्स्की नावाची, ० ते १०० अशी. ७० म्हणजे माणूस स्वतःचं स्वतः करतो पण कामधंदा करू शकत नाही. हा आकडा ओपीडीच्या घाईत, त्या दिवशी पेशंट कसा दिसला त्यावरून पडतो. रात्रभर झोप नाही, सकाळी उपाशी, बसने बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत आलेला, वर दोन तास बाकावर बसलेला माणूस खरा आहे त्याहून दुबळाच दिसणार. म्हणून मी प्रत्येक घराला सांगते, एका कागदावर दहा ओळी लिहा. स्वतः आंघोळ करतो का, जेवतो का, जिना चढतो का, पैसे मोजता येतात का, आकडी शेवटची कधी आली, डोकं सकाळी जास्त दुखतं का, उजवा हात आधीपेक्षा कमी चालतो का. आणि शेवटी त्याला स्वतःला काय हवं आहे ते. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि म्हणा, “बोर्डात हे वाचून दाखवाल का?” आजवर एकाही डॉक्टरांनी मला नाही म्हटलेलं नाही.

एखाद्या माणसाचं चालणं, बोलणं शब्दांत धरता येत नसेल तर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि तो चालेल का असं विचारा.

फाइलमध्ये काय काय द्यायचं?

एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह. फिल्म नव्हे, सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत प्रत्येक काप असतो, रेडिओलॉजिस्टना तो वरखाली करून, उजेड कमीजास्त करून बघता येतो. ही चित्रं डायकॉम नावाच्या स्वरूपात असतात आणि बोर्डाला तीच लागतात. जुने एमआरआय असतील तर तेही द्या, कारण गाठ किती दिवसांत किती वाढली हे त्यावरूनच कळतं.

इथे आमचा एक आठवडा गेला. एका खासगी सेंटरमधून एमआरआय केला, सीडी पाकिटात घातलेली मिळाली, आम्ही ती तशीच पुढे दिली. बैठकीच्या दिवशी उघडली तर आत काहीच नव्हतं, पाकिटावर फक्त दादाचं नाव. केस पुढच्या आठवड्यावर गेली. त्या सात दिवसांत दादाला दोनदा आकडी आली. तेव्हापासून मी कुणालाही सेंटरच्या दारातून हलू देत नाही. तिथल्याच कॉम्प्युटरवर सीडी उघडून दाखवा म्हणायचं, नाव बघायचं, तारीख बघायची, चित्रं सरकतात का बघायचं आणि दुसरी प्रत मागून घ्यायची.

बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं असेल तर रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड लागू शकतात. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात घट्ट बसवून ठेवलेला असतो ती मेणाची लहानशी वडी. अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नाही, पण फाइलमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. रिपोर्ट पुन्हा छापता येतो, वडी पुन्हा मिळत नाही. लॅबमधून ती लेखी अर्ज देऊन मिळते. पावती ठेवा, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नका, मेणच ते.

यांच्यासोबत ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज समरी, ताजे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी. यादीत स्टिरॉइड असेल, बहुधा डेक्सामेथासोन, तर ते कुठल्या तारखेला सुरू झालं आणि डोस किती हे ठळक लिहा. स्टिरॉइडने मेंदूची सूज उतरते, माणूस दोन दिवसांत सुधारल्यासारखा वाटतो आणि एमआरआयही वेगळा दिसू शकतो. लिम्फोमा नावाच्या एका प्रकारात तर बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड दिलं तर तुकड्यात निदानच लागत नाही, असंही होतं. म्हणून बोर्डात हा प्रश्न हटकून येतो. मात्र तारीख लिहायची म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका. स्टिरॉइड अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

व्हॉट्सअॅपवर फिल्मचे फोटो पाठवले तर चालतील का?

खिडकीच्या काचेला फिल्म लावून काढलेले? डॉक्टर तातडीने काहीतरी सांगू शकतील, ‘लगेच भरती करा’ एवढं. त्यावर उपचार ठरवू नयेत, आणि असे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नयेत. फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय, नंबर सगळं छापलेलं असतं.

बोर्ड होईपर्यंत थांबायचं? तेवढ्यात गाठ वाढली तर?

जीवावर बेतलेलं असेल तर कुणीही बोर्डासाठी थांबत नाही. सतत उलट्या, वाढत जाणारी गुंगी, थांबत नसलेली आकडी, एकाएकी हात किंवा पाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सरळ कॅज्युअल्टी गाठा. तिथे डोक्यातला दाब आधी उतरवतात, चर्चा मागाहून होते.

एरवी काही दिवसांचा उशीर सहसा चालतो. ऑपरेशननंतर किरणोपचार साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात, कारण जखम भरायला वेळ लागतो, आणि बोर्ड त्याच अवधीत होऊ शकतो. मात्र तारीख विचारून घ्या. ‘कळवू’ या शब्दावर घरी परतू नका. कोणत्या दिवशी केस लागणार, आणि लागली नाही तर कुणाला विचारायचं, या दोन गोष्टी कळल्याशिवाय उठू नका.

रिपोर्टमध्ये आयडीएच, एमजीएमटी, १पी/१९क्यू असं काय काय लिहिलंय. याचा बोर्डाशी काय संबंध?

खूप मोठा. पूर्वी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते यावर तिचं नाव ठरायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं वर्गीकरण आलं आणि बऱ्याच गाठींच्या बाबतीत पेशींच्या जनुकांत काय बदल झालाय हे नावाचाच भाग बनलं. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली फार झपाट्याने वाढणारी गाठ, हे नाव आता आयडीएच जनुकात बदल नसलेल्या गाठीलाच देतात. आयडीएच बदललेलं आणि १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गळालेले, अशी गाठ असेल तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. ती सहसा हळू वाढते आणि उपचारांना चांगली दाद देते. एमजीएमटी मात्र नावासाठी नाही. टेमोझोलोमाइड नावाच्या केमोच्या गोळ्या किती लागू पडतील याचा अंदाज त्यावरून येतो.

दादाच्या पहिल्या रिपोर्टात ‘उच्च श्रेणीची ग्लिओमा’, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उठलेली, झपाट्याने वाढणारी गाठ, एवढंच होतं. घरात सगळ्यांनी मोबाइलवर शोधलं आणि रडून मोकळे झालो. ऑनलाइन बोर्डातल्या पॅथॉलॉजिस्टनी म्हटलं, एवढ्यावर मी बोलणार नाही, ब्लॉक पाठवा. वडी मुंबईला गेली. तपासण्या होऊन आल्या तेव्हा नाव निघालं ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, श्रेणी ३. गाठ तीच, दादा तोच. पण उपचाराची आखणी बदलली आणि डॉक्टर आमच्याशी महिन्यांऐवजी वर्षांत बोलू लागले. प्रत्येक घरात असं होत नाही. कितीदा तरी दुसऱ्या तपासणीतही पहिलंच नाव येतं. पण नाव पक्कं झाल्याखेरीज कुणीच, डॉक्टरांनीही आणि आपणही, वर्षं-महिने मोजू नयेत.

ग्लिओब्लास्टोमाच निघाला तर बोर्ड वेगळं काय सांगणार? उपचार तर ठरलेलाच आहे ना?

चौकट ठरलेली आहे, हे खरं. शक्य तेवढी गाठ काढणं, मग किरणोपचार, बहुतेकदा ३० फेऱ्यांत ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), सोबत टेमोझोलोमाइड, आणि नंतर दर महिन्याला पाच दिवस त्याच गोळ्या. ही पद्धत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून आली. त्या चाचणीत नुसत्या किरणोपचारांवर मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, गोळ्या जोडल्यावर १४.६. दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. आकडे कडू आहेत. तरी मी ते लिहिते, कारण मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याच्या पुढे जातात, हे आम्हाला उशिरा कळलं.

पण चौकटीत कोण कसा बसतो हे बोर्डच ठरवतं. पंच्याहत्तरीच्या, थकलेल्या आजोबांना सहा आठवडे रोज मशीनखाली नेण्यापेक्षा तीन आठवड्यांत १५ फेऱ्या बऱ्या पडू शकतात. सत्तरी तालुक्यातल्या गावातून रोज उठून येणाऱ्याला हा फरक किती मोठा, हे मुंबईतल्या डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. घर कुठे आहे, सोबत कोण येणार, गाडी आहे का, हेही त्या दहा ओळींच्या कागदावर येऊ द्या.

किरणोपचार संपले आणि एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. सगळं फुकट गेलं का?

लगेच तसं धरू नका. किरणोपचार संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत मारलेल्या पेशी आणि सूज यांमुळे चित्र वाढल्यासारखं दिसू शकतं. डॉक्टर त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, भासमान वाढ. खरी वाढ की भास, हे एका चित्रावरून सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. ही केस बोर्डासमोर पुन्हा ठेवायला सांगाच. जुने सगळे एमआरआय शेजारी शेजारी लावून बघतात, स्टिरॉइडचा डोस बघतात, माणूस कसा आहे ते विचारतात, आणि बऱ्याचदा ‘चार-आठ आठवड्यांनी पुन्हा काढू’ असं ठरतं. याच कारणासाठी ऑपरेशननंतर ४८ ते ७२ तासांत काढलेला एमआरआय जपून ठेवावा. गाठीचा कुठला भाग मुळातच राहिला होता, हे त्यात दिसतं.

बोर्डात डॉक्टरांचं एकमत झालं नाही तर?

होतं असंही, आणि त्यात वाईट काही नाही. एक म्हणेल पुन्हा उघडावं, दुसरा म्हणेल औषधावर बघू. अशा वेळी तुम्हाला दोन्ही बाजू सांगायला हव्यात. विचारा, “दोन्हीत धोका काय, फायदा काय, आणि तुमचं स्वतःचं मत कुणीकडे?” स्क्रीनवरच्या बैठकीची एक अडचण मी डॉक्टरांकडूनच ऐकली आहे. कॅमेरे बंद असतात, मोठ्या डॉक्टरांनी मत दिलं की बाकीचे गप्प राहतात, आणि समोर खोलीत बसल्यावर चेहऱ्यावरची शंका दिसते ती इथे दिसत नाही. चांगला अध्यक्ष प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो. आपल्या हातात एवढंच की निर्णयासोबत कारण मागायचं.

बोर्डाने सांगितलं ते ऐकावंच लागतं का?

नाही. बोर्ड सल्ला देतं. २५ मार्च २०२० ला आलेल्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट आहे की एका डॉक्टरने दुसऱ्याचं मत दुरून घेतलं तरी उपचाराची जबाबदारी तुमच्यासमोर असलेल्या डॉक्टरची राहते. आणि शेवटचा होकार-नकार पेशंटचा.

आमच्या डॉक्टरांनी बोर्डाचं नावच काढलं नाही. विचारलं तर राग येईल का?

“सर, ही केस ट्यूमर बोर्डासमोर ठेवता येईल का?” एवढंच विचारा. हा अविश्वास नव्हे. आम्ही फार दिवस भिडेखातर गप्प बसलो, तसं कुणी बसू नये. ते जमत नसेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. तिथे पेशंट स्वतः रिपोर्ट चढवून तज्ज्ञांचं लेखी मत मागवू शकतो. मत आलं की ते आपल्या डॉक्टरांना दाखवा. लपवून ठेवलेल्या मताचा काही उपयोग होत नाही.

खर्च?

बोर्डाच्या चर्चेचे वेगळे पैसे आमच्याकडून कुणी घेतले नाहीत. ब्लॉकच्या तपासण्यांना मात्र पैसे पडतात, आधी विचारा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलेलं आहे का बघा. गोव्यात होत नसलेल्या उपचारासाठी बाहेर जावं लागलं तर राज्याच्या मेडिक्लेम योजनेची चौकशी जाण्याच्या आधी करा, आल्यावर नाही. बोर्डाचा लेखी निर्णय अशा अर्जाला जोडला तर बाहेर का जावं लागतंय हे वेगळं समजावत बसावं लागत नाही.

ऑपरेशनसाठी देवाचा कौल घेतला, उजवा मिळाला नाही. डॉक्टरांना कसं सांगायचं?

जसं मला सांगितलंत तसंच सांगा. आमच्याकडेही घेतला होता. आईने देवळात भटजींकडून पाकळ्या लावून घेतल्या, आणि डाव्या बाजूची पडली तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मी सर्जनना सांगितलं, आणि ते हसले नाहीत. त्यांनी आईला बोलावून घेतलं, पडद्यावर गाठ दाखवली, थांबलं तर काय होईल ते हळू आवाजात सांगितलं, आणि विचारलं, “माई, देवीला दिवस विचारला होता की ऑपरेशनच विचारलं होतं?” आईने तो एक दिवस विचारला होता. ती पुन्हा देवळात गेली, बोर्डाने दिलेल्या मुदतीतला दुसरा दिवस विचारला, उजवी झाली. घर शांत असलं तर पेशंट शांत राहतो, आणि जागेपणी होणाऱ्या ऑपरेशनात शांत पेशंट लागतोच. फक्त मुदत किती आहे ते डॉक्टरांकडून आधी विचारून घ्या आणि त्याच्या आतले दिवस देवासमोर ठेवा.

आई म्हणते, बाबांना काही सांगू नका. मग त्यांचं मत बोर्डाला कसं कळवायचं?

सगळं एकदम सांगायची गरज नसते. त्यांना विचारा, “बाबा, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?” काहीजण म्हणतात, तुम्हीच बघा. काहींना सगळं ऐकायचं असतं आणि ते आपल्याच रडण्याच्या भीतीने विचारत नसतात. मेंदूच्या गाठीत एक घाई आहे जी दुसऱ्या आजारांत एवढी नसते. बोलण्याची, समजण्याची ताकद पुढे कमी होऊ शकते. आज विचारलं तर उत्तर त्यांचं असेल. चार महिन्यांनी आपण अंदाज बांधत बसू.

बोर्डाने ‘आता ऑपरेशन नको, त्रास कमी ठेवू’ असं सांगितलं. म्हणजे सोडून दिलं का?

वाळपईच्या बाजूच्या एका मुलीने मला हे रात्री अकरा वाजता फोनवर विचारलं होतं. तिच्या वडिलांची गाठ परत आली होती, खोल, दोन्ही बाजूंना पसरलेली. पुन्हा उघडलं तर हालचाल आणि वाचा जाण्याची भीती होती आणि मिळणारा वेळ थोडा होता. बोर्डातल्या सहा जणांपैकी सहाही जणांनी नको म्हटलं. मी तिला सांगितलं, एका डॉक्टरने नको म्हणणं आणि सहा विषयांच्या माणसांनी तासन् तास जुळवलेली फाइल बघून नको म्हणणं, यात फरक आहे. तू काही करायचं बाकी ठेवलेलं नाहीस.

आणि काही करायचं उरत नाही असंही नाही. डोकेदुखी, आकडी, उलट्या, झोप, गिळायला होणारा त्रास, या प्रत्येकावर औषध आणि उपाय आहे. पॅलिएटिव्ह केअरची माणसं तेच करतात, आणि त्यांना शेवटच्या आठवड्यात बोलवायचं नसतं, पहिल्याच बोर्डात बसवायचं असतं. त्या मुलीच्या वडिलांनी चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळांची आरास, बांधताना खुर्चीत बसून कुठलं फळ कुठे बांधायचं ते सांगितलं. तिने मला त्या माटोळीचा फोटो पाठवला होता, कांगलां, नारळ, सुपारीचा घोस, सगळं त्यांनी सांगितलं तसं.

बैठकीनंतर आमच्या हातात काय यायला हवं?

एक कागद. त्यावर तारीख, कोणत्या विषयांचे डॉक्टर हजर होते, निदान काय धरलं, काय ठरलं, का ठरलं, आणि पुढचं पाऊल कोणी कधी उचलायचं. तोंडी सांगितलेलं बांबोळीच्या गेटपर्यंत येताना निम्मं विसरायला होतं. समजावून सांगताना ‘मराठीत सांगाल का, कोकणीत सांगाल का’ असं बेलाशक म्हणा, आणि घरी गेल्यावर ऐकवायला फोनवर रेकॉर्ड करू का, हेही विचारा. त्या कागदाच्या तीन प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक घरी, एक पेशंटच्या पिशवीत. दादाची प्रत अजून त्याच्या कुळागरातल्या खोपीत, सुपारीच्या हिशेबाच्या वहीत घडी घालून ठेवलेली आहे. दर तीन महिन्यांनी एमआरआयला जाताना तो ती वही बरोबर घेतो आणि वाटेत मोठ्याने अंक मोजून दाखवतो, मराठीत.